भूलतज्ज्ञ

बत्तीस वर्षं मी हडर्सफील्डमध्ये भूल दिली.
गिरणीतल्या मुकादमांना, शाळकरी पोरांना,
एकदा एका पाद्र्याला,
जो उलटे आकडे मोजताना सातावर अडखळला
आणि घोरू लागला.
सुई म्हणजे माझ्या लेखी रस्ता,
आत काहीतरी न्यायचा.
भरीव सुई, जिच्यातून काहीच जात नाही,
ती टोचायची कशाला?

आता रोज रात्री एक गोळी, पाच वर्षं.
ती गाठ परत येऊ देत नाही,
त्याबदल्यात बोटांचे सांधे मागते.
सकाळी मार्मालेडची बरणी माझ्याकडे बघते,
मी तिच्याकडे.

कॉलिन, एके काळचा माझा ज्युनिअर,
पडद्यावरून नजर न काढता म्हणाला,
"गुरुवारी तळमजल्यावर एक बाई येतात.
पुरावा बरा आहे. फार नाही. बरा.
गोळी मात्र सोडायची नाही."

कान सोनारानं टोचावेत म्हणतात.
माझे टोचले गिलियन आर्मिटेजनं,
पूर्वाश्रमीची फिजिओ, पायात मळके बूट.
तिची आई लोकरीच्या गिरणीत रफूगार होती.
कापडावरून बोट फिरवून गाठ शोधायची,
डोळे खिडकीबाहेर.
गिलियनही तशीच माझ्या अंगठ्यामागचा खड्डा शोधते,
बाहेर पार्किंगमधल्या पावसाकडे बघत.

"आणि त्या वाहिन्या?" मी विचारलं,
खवचटपणेच.
"कोर्सला शिकवल्या," ती म्हणाली.
"नकाशा म्हणून चालतो.
तिथं नदी असेलच असं नाही."

मग एक जड, मंद दुखणं उतरलं
कोपरापर्यंत.
कुणीतरी बाहेर चहाची गाडी ढकलत नेली.

शेजारच्या पडद्याआड एक खुर्ची रिकामी असते.
ट्रेव्हरची.
त्यानं औषधं थांबवली होती,
शनिवारच्या बाजारात कुणी सांगितलं म्हणून,
आणि इथं आला, फक्त सुया लावा म्हणत.
गिलियननं डबा उघडलाच नाही.
त्याचा दंड धरून जिन्यानं तिसऱ्या मजल्यावर नेलं,
लिफ्टची वाट न पाहता.
उशीर झालेला होताच.
हे तिनं नाही सांगितलं,
चहावाल्या बाईनं सांगितलं.

फार पूर्वी, एका रात्रपाळीत
मी एक शोधनिबंध वाचला होता.
त्यात खोटी सुई होती, नाटकातल्या खंजिरासारखी,
टोक आतल्या आत सरकणारी.
तिनंही माणसं बरी झाली,
खरीच्या बरीच जवळ.
मी समासात पेन्सिलीनं लिहिलं: भूल.
इथं कुणालाच समजावता न येणारा शब्द.
गुंगी ती भूल, चूक तीही भूल,
आणि कुणी घातली तर मोहिनीसुद्धा.
तेव्हा मला फक्त चूक म्हणायचं होतं.

पण आडवं पडलं की आठवतं काहीबाही.
टेबलावरच्या माणसाच्या कपाळावर
मी तळहात ठेवायचे, औषधाआधी,
सवयीनं.
एकशेदहावरची नाडी नव्वदवर यायची
आणि सिरिंज अजून माझ्या दुसऱ्या हातात, भरलेली.
ते वीस ठोके कुणाच्या नावावर मांडायचे?
मी कुठंच मांडले नाहीत.
तक्त्यात रकाना नव्हता.

आठव्या गुरुवारनंतर
डाव्या हातानं बरणी उघडली.
उजव्यानं नाही.
कॉलिनला तसंच सांगितलं,
त्यानं तसंच लिहून घेतलं.
"डावा?" त्यानं पुन्हा विचारलं.
"डावा."

टोस्ट तोवर गार झाला होता.
खाल्ला.
रात्री नवाच्या ठोक्याला गोळी घेतली,
आणि गिळताना, का कोण जाणे,
स्वतःच्याच कपाळावर हात ठेवला.